मी तेव्हाच म्हटलं होतं...

आमच्या धंद्यात एक वाक्य फार लोकप्रिय आहे. 'मी तेव्हाच म्हटलं होतं.' प्रोजेक्ट बोंबललं, क्लायंट ओरडला, रात्री दोनला सर्व्हर झोपला, की दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी शांतपणे हे वाक्य टाकतो. बरेचदा पुरावाही असतो. अमुक तारखेची मेल, तमुक मीटिंगचे मिनिट्स. माणूस खोटं बोलत नसतो. त्याने खरंच विरोध केलेला असतो. आणि विरोध नोंदवून झाल्यावर त्यानेच तो कोड लिहिलेला असतो!

गेले काही शनिवार-रविवार मी अशाच एका माणसाच्या मागे लागलोय. त्याचं नाव अलेक्झांडर स्टीफन्स. अमेरिकेतलं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याला लिंकन आठवतो, फार तर जनरल ली, ग्रँट. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण त्या फुटीर सरकारचा उपाध्यक्ष कोण होता असं विचारलं तर क्विझवालेही डोकं खाजवतील. मला तो डेव्हिसपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण डेव्हिस काय आहे ते सरळ दिसतं. स्टीफन्सचं तसं नाही. तो हुशार, सभ्य, आजारी, मवाळ आणि कायद्याचा पक्का. असा माणूस चुकतो तेव्हा तो फार आपल्यासारखा दिसायला लागतो.

आधी थोडी ओळख. जन्म ११ फेब्रुवारी १८१२, जॉर्जिया राज्यातल्या क्रॉफर्डव्हिल गावाजवळ. आई तान्हेपणीच गेली, बाप चौदाव्या वर्षी. दुसऱ्यांच्या मदतीवर शिकला आणि १८३२ साली कॉलेजातून पहिल्या नंबराने बाहेर पडला. मग वकिली, मग राज्याचं विधिमंडळ, आणि १८४३ ते १८५९ वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचा सदस्य. प्रकृती म्हणजे आनंद! वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, आवाज किनरा, कायम काही ना काही दुखणं. लोक त्याला 'छोटा अलेक' म्हणायचे. लग्न केलं नाही. पण हिंमत अशी की १८४८ साली अटलांटात एका धिप्पाड न्यायाधीशाने त्याला चाकूने भोसकलं आणि शब्द मागे घे म्हणून दरडावलं, तेव्हा त्या स्थितीतही याने मागे घेतला नाही. (आपल्याकडच्या संसदेत फक्त माईक फेकतात. असो.)

गंमत म्हणजे याचा एक चाहता होता इलिनॉयचा नवखा खासदार, अब्राहम लिंकन. दोघंही व्हिग पक्षाचे, दोघांचाही मेक्सिकोवरच्या युद्धाला विरोध. २ फेब्रुवारी १८४८ रोजी स्टीफन्सचं भाषण ऐकून आलेल्या लिंकनने आपल्या वकिलीतल्या भागीदाराला कळवलं की तासाभराचं इतकं सुंदर भाषण मी आजवर ऐकलं नव्हतं, डोळ्यांतलं पाणी अजून सुकलेलं नाही. पुढे सतरा वर्षांनी हे दोघं एका बोटीवर समोरासमोर बसणार होते. त्याकडे येऊच.

तर मुद्दा असा. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन अध्यक्षपदी निवडून आला आणि दक्षिणेत आग लागली. संघराज्यातून फुटून निघायचं, हीच एक आरोळी. त्या गदारोळात १४ नोव्हेंबरला जॉर्जियाच्या राजधानीत, मिलेजव्हिलला, स्टीफन्स उभा राहिला आणि म्हणाला की घाई करू नका. एक माणूस निवडून आला म्हणून घर मोडायचं नसतं. लिंकनच्या हातात काय आहे? काँग्रेस त्याच्या विरोधात आहे, त्याला बेड्याच आहेत. त्याने घटना मोडली तर बघू, आत्ता नको. जमाव विरुद्ध असताना असं बोलायला छाती लागते, हे मान्य. ते भाषण देशभर गाजलं. लिंकनने पत्र लिहून त्याची प्रत मागवली, आणि दोघांत पत्रव्यवहार सुरू झाला.

२२ डिसेंबरच्या पत्रात लिंकनने स्पष्ट लिहिलं की तुमच्या राज्यातल्या गुलामगिरीत मी हात घालणार नाही. आणि पुढे खरी मेख सांगितली. तुम्हाला गुलामगिरी योग्य वाटते आणि ती वाढावी असं वाटतं, आम्हाला ती चूक वाटते आणि तिला आळा घालावा असं वाटतं. आपल्यात मूळ भांडण आहे ते एवढंच. चार वर्षांच्या युद्धाचं इतकं नेमकं बग रिपोर्ट मी दुसरं वाचलेलं नाही!

१९ जानेवारी १८६१ ला जॉर्जियाच्या अधिवेशनात मतदान झालं. फुटण्याच्या बाजूने २०८, विरोधात ८९. त्या ८९ मध्ये स्टीफन्स होता. आणि मग? मग त्याने फुटीच्या ठरावावर सही केली. माझं राज्य जिकडे, तिकडे मी. तीन आठवड्यांत, ९ फेब्रुवारीला, त्याला नव्या सरकारचा उपाध्यक्ष निवडलं गेलं, आणि ११ तारखेला, म्हणजे आपल्या एकोणपन्नासाव्या वाढदिवशी, त्याने शपथही घेतली.

बहुतेक चरित्रं इथे हळवी होतात. बिचारा विवेकी माणूस, मनाविरुद्ध वाहत गेला, जन्मभूमीचं प्रेम वगैरे. मीही पहिल्या वाचनात असाच विरघळलो होतो. मग २१ मार्च १८६१ चं सव्हानाचं भाषण वाचलं आणि खडबडून जागा झालो.

युद्ध अजून सुरू व्हायचं होतं. फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या त्या १२ एप्रिलला. सव्हाना शहरात तुडुंब भरलेल्या सभागृहात उपाध्यक्ष महाशय नव्या राज्यघटनेची वैशिष्ट्यं सांगत होते. अगदी आपण नव्या व्हर्जनच्या रिलीज नोट्स वाचून दाखवतो तसं. अध्यक्षाला सहा वर्षांची एकच टर्म, देशी उद्योगांना संरक्षण म्हणून आयातकर नाही, मंत्र्यांना सभागृहात बोलायची मुभा. आणि मग सगळ्यात मोठा बदल. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा : जेफरसन आणि त्याच्या पिढीतल्या बहुतेक थोर लोकांना गुलामगिरी तत्त्वतः चूक वाटत होती, ती कधीतरी आपोआप नाहीशी होईल असं ते समजत होते. सर्व वंश समान आहेत या कल्पनेवर ते उभे होते, आणि ती कल्पना साफ चुकीची होती. आमचं सरकार नेमक्या उलट कल्पनेवर उभं आहे. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, हा आमच्या इमारतीचा कोनशिलेचा दगड. जगाच्या इतिहासात या सत्यावर उभं राहिलेलं हे पहिलंच सरकार.

हे कोणी माथेफिरू बोलत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी फुटीविरुद्ध मत देणारा मवाळ माणूस बोलत होता. जाहीर सभेत, टाळ्यांच्या गजरात.

आता तुम्ही म्हणाल, की दोन महिन्यांत माणूस इतका बदलला कसा? माझं म्हणणं हेच आहे की तो बदललाच नाही. मिलेजव्हिलचं भाषण पुन्हा नीट वाचा. तिथे गुलामगिरीविरुद्ध एक अक्षर नाही. फुटू नका, असं तो म्हणत होता, कारण त्याच्या हिशेबाने गुलामगिरी संघराज्याच्या आत राहूनच जास्त सुरक्षित होती. घटनेचं कवच होतं, सर्वोच्च न्यायालय अनुकूल होतं. बाहेर पडून युद्ध झालं तर सगळंच जायची भीती. (आणि झालंही तसंच. या बाबतीत त्याची भविष्यवाणी शंभर टक्के खरी ठरली.) १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्का कायदा, म्हणजे नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडणारा कायदा, प्रतिनिधीगृहात नियमांच्या कसरती करून ११३ विरुद्ध १०० मतांनी पास करून घेणारा हाच पठ्ठ्या होता. ज्या आगीबद्दल १८६० मध्ये तो सावध करत होता, तिच्यात तेल ओतण्याचं काम सहा वर्षांपूर्वी त्याने मोठ्या कौशल्याने केलं होतं.

थोडक्यात काय, तर त्याचा मतभेद डिप्लॉयमेंटच्या तारखेबद्दल होता. सिस्टीम काय करणार आहे याबद्दल नव्हता.

आता युद्धाच्या चार वर्षांत हा गृहस्थ काय करत होता ते बघा. सुरुवातीला उत्साह, मग डेव्हिसशी खटके, आणि १८६२ नंतर बहुतेक काळ रिचमंड राजधानी सोडून क्रॉफर्डव्हिलच्या आपल्या घरात मुक्काम. देशाचा उपाध्यक्ष, युद्ध चालू, आणि साहेब घरी! कारण? डेव्हिस सरकारने हेबियस कॉर्पसचा हक्क स्थगित केला, म्हणजे कोणालाही खटल्याशिवाय डांबता येऊ लागलं. एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची लष्करभरती आणली. स्टीफन्सला हे दोन्ही असह्य झालं. ज्या स्वातंत्र्यासाठी लढतोय तेच गमावून जिंकायचं कशाला, हा त्याचा युक्तिवाद. जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राऊन आणि स्टीफन्सचा सावत्र भाऊ लिंटन यांच्याबरोबर त्याने डेव्हिसविरुद्ध आघाडीच उघडली. १६ मार्च १८६४ ला पुन्हा मिलेजव्हिलला उभं राहून तासन्‌तास भाषण केलं आणि आपल्याच सरकारवर हुकूमशाहीचा आरोप केला.

ते युक्तिवाद आजही वाचण्यासारखे आहेत. खरंच. युद्धाच्या नावाखाली सरकार जेव्हा नागरिकांचे हक्क गुंडाळतं, तेव्हा काय बोलावं याचं ते उत्तम पाठ्यपुस्तक आहे. आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीत नेमका हाच हेबियस कॉर्पसचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि १९७६ मध्ये पाचातल्या एकाच न्यायमूर्तींनी, एच. आर. खन्नांनी, हक्काच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

पण जरा खुर्ची वळवून त्या घराकडे बघू. क्रॉफर्डव्हिलच्या त्या घराला त्याने नाव दिलं होतं 'लिबर्टी हॉल'. स्वातंत्र्य भवन म्हणा. त्या स्वातंत्र्य भवनात आणि भोवतालच्या शेतीवर तीसहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. मालकीची म्हणजे बैलजोडी असते तशी. खटल्याशिवाय डांबण्याविरुद्ध तो माणूस मेणबत्तीच्या उजेडात पानंच्या पानं लिहीत असायचा, आणि ती मेणबत्ती आणून ठेवणाऱ्या माणसाला जन्मभर, खटल्याशिवाय, गुन्ह्याशिवाय डांबलेलं होतं. त्याला हेबियस कॉर्पस नव्हतं. १८६० च्या जनगणनेत एकट्या जॉर्जियात असे ४,६२,१९८ लोक नोंदले गेले होते. साऱ्या देशात साडेएकोणचाळीस लाख.

मला वाटायचं की अशा माणसाला आतून कुठेतरी टोचत असेल. पण टोचायला आधी समोरचा माणूस दिसावा लागतो. स्टीफन्सच्या मनातल्या डेटाबेसमध्ये 'नागरिक' नावाचं टेबल होतं आणि त्यातल्या प्रत्येक रेकॉर्डसाठी तो जीव टाकायला तयार होता. बाकीचे लोक त्या टेबलातच नव्हते. त्यामुळे क्वेरी कितीही सुंदर लिहिली तरी ते कधी उत्तरात येणारच नव्हते.

एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो व्यक्तिशः दयाळू होता, असं त्याला ओळखणारे सांगतात. कितीतरी गरीब मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्याने उचलला. युद्धानंतर त्याच्याकडचे काही मुक्त झालेले लोक, हॅरी आणि एलायझा हे जोडपं धरून, तिथेच राहिले. आणि २२ फेब्रुवारी १८६६ च्या भाषणात त्याने जॉर्जियाच्या विधिमंडळाला सांगितलं की मुक्त झालेल्या लोकांना जीविताच्या आणि मालमत्तेच्या बाबतीत कायद्याचं पूर्ण संरक्षण द्या. त्या वातावरणात हेही काही कमी नव्हतं. पण 'चांगला मालक' हा शब्दप्रयोग मला आता खुपतो. आपल्या आजी-आजोबांच्या गोष्टींत नाही का असायचं, की वाड्यावरचा गडी अगदी घरच्यासारखा होता? घरच्यासारखा होता, पण त्याचा कप वेगळा होता. दयाळूपणा वैयक्तिक असतो. व्यवस्था वैयक्तिक नसते, तिला माणूस चांगला असला काय नि वाईट असला काय, काही फरक पडत नाही. उलट चांगला माणूस असला की ती जास्त दिवस टिकते.

असो. आता ती बोट. ३ फेब्रुवारी १८६५, व्हर्जिनियातली हॅम्प्टन रोड्स खाडी, 'रिव्हर क्वीन' नावाची वाफेची बोट. दक्षिण हरत आली होती. अटलांटा पडलं होतं, डिसेंबरात सव्हानाही पडलं होतं, तेच कोनशिलेच्या भाषणाचं गाव. तीनच दिवसांपूर्वी, ३१ जानेवारीला, वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाने गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती मंजूर केली होती. दक्षिणेचे तीन प्रतिनिधी तहाची बोलणी करायला आले, त्यांत स्टीफन्स. समोर लिंकन आणि परराष्ट्रमंत्री सेवर्ड. स्टीफन्सने अंगावर भलाथोरला ओव्हरकोट, मफलर, काय काय चढवलं होतं. तो एकेक थर उतरवत असताना लिंकनला हसू आवरेना. नंतर म्हणे तो लोकांना सांगायचा, की एवढ्या मोठ्या आवरणातून एवढंसं कणीस निघालेलं मी कधी पाहिलं नव्हतं!

चारेक तास बोलणी झाली. निष्पन्न शून्य. आधी मेक्सिकोत फ्रेंचांविरुद्ध मिळून काही करू, बाकीचं नंतर बघू, असा फाटा स्टीफन्सने फोडून पाहिला. लिंकन ढिम्म. देश एक व्हायला हवा आणि गुलामगिरीवर माघार नाही, यापलीकडे तो हलला नाही. निघताना लिंकनने जुन्या मित्राला विचारलं, की तुझ्यासाठी काही करू का? स्टीफन्स म्हणाला, माझा पुतण्या तुमच्या कैदेत आहे. लेक ईरीमधल्या बेटावरच्या कैदेतून लिंकनने त्या लेफ्टनंटला वॉशिंग्टनला बोलावून घेतलं, आपला सही केलेला फोटो दिला आणि घरी पाठवलं. दहा आठवड्यांनी लिंकनचा खून झाला.

हा प्रसंग वाचून गलबलतं. पण त्यातही मला एक गोष्ट दिसते. दोन भल्या माणसांची मैत्री तिथे चार तास शाबूत होती आणि तरीही एका बाजूला ती कोनशिला होती. मैत्रीने ती हलली नाही. ती हलवायला जे युद्ध लागलं त्यात मेलेल्यांचे आकडे अभ्यासकांनुसार सहा ते साडेसात लाख असे बदलतात.

११ मे १८६५ ला स्टीफन्सला लिबर्टी हॉलमध्ये अटक झाली. बॉस्टनजवळच्या फोर्ट वॉरनमध्ये पाच महिने कैद. खटला नाही, आरोपपत्र नाही! ज्या हक्कासाठी आपल्या अध्यक्षाशी भांडला, तोच हक्क आता त्याला स्वतःला मिळत नव्हता. कोठडीत त्याने डायरी लिहिली, आणि त्यात, बघा हं, सव्हानाच्या भाषणाबद्दल सारवासारव केली. वार्ताहराने नीट उतरवून घेतलं नाही, अर्थाचा विपर्यास झाला, इत्यादी. हे आपल्या ओळखीचं वाटतंय ना? 'माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला' ही काही भारतीय शोधांची मक्तेदारी नाही.

आणि यानंतर त्याने जे केलं ते मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गंभीर काम वाटतं. सुटून आल्यावर त्याने दोन जाडजूड खंड लिहिले, १८६८ आणि १८७० मध्ये. विषय : युद्धाची घटनात्मक मीमांसा. निष्कर्ष असा की भांडण गुलामगिरीचं नव्हतंच. ती नुसती ठिणगी. खरं भांडण होतं राज्यांचे हक्क विरुद्ध केंद्राची मुजोरी. डेव्हिसनेही १८८१ मध्ये आपल्या पुस्तकात साधारण हाच सूर लावला. आणि हे व्हर्जन चाललं! पुढची शंभर वर्षं दक्षिणेतल्या शाळांतून, पुतळ्यांवरून, सिनेमांतून तेच शिकवलं गेलं.

आमच्याकडे असं होतं बघा. कोड लिहिलेला असतो एक, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी डॉक्युमेंटेशन लिहितो भलतंच. नवा माणूस येतो, डॉक्युमेंटेशन वाचतो, आणि त्यालाच खरं मानतो. खरं बघायचं तर कमिट हिस्टरी काढावी लागते. स्टीफन्सच्या बाबतीत ती शाबूत आहे. सव्हानाचं भाषण वर्तमानपत्रात छापलेलं आहे. जॉर्जियाने जानेवारी १८६१ मध्ये फुटण्याची कारणं जाहीर केली त्या कागदात गुलामगिरी सुरुवातीपासूनच आहे. मिसिसिपीच्या कागदात तर पहिल्याच परिच्छेदांत. तेव्हा कोणी लपवतच नव्हतं, कारण तेव्हा लाज वाटत नव्हती. लाज हरल्यावर आली.

एकाने मात्र त्याला तोंडावर ही हिस्टरी वाचून दाखवली. स्टीफन्स १८७३ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये निवडून आला. ५ जानेवारी १८७४ ला तो नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध बोलला. काळ्या लोकांना हॉटेलं, गाड्या, नाट्यगृहं यांत समान वागणूक देणारं ते विधेयक. स्टीफन्सचा मुद्दा जुनाच : हा राज्यांचा विषय, केंद्राने नाक खुपसू नये. दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला उभा राहिला साऊथ कॅरोलिनाचा खासदार रॉबर्ट ब्राऊन एलियट. काळा माणूस. त्याने सभ्यपणे, वयाचा मान राखून आठवण करून दिली, की याच गृहस्थांनी बाराएक वर्षांपूर्वी गुलामगिरीच्या कोनशिलेवर उभ्या राहिलेल्या सरकारची घोषणा करून जगाला हादरवलं होतं. आणि आता ते ज्या लोकांबद्दल तसं बोलले, त्यांच्यातलाच एक त्यांना सभागृहात उत्तर देतोय. विधेयक पुढे १८७५ मध्ये मंजूर झालं. (१८८३ मध्ये न्यायालयाने त्यातला महत्त्वाचा भाग रद्द केला, ती वेगळीच शोकांतिका.)

या सगळ्याशी आपला काय संबंध, असं विचाराल तर संबंध दोन आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. एक मुंबईचा. दक्षिणेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस लागला आणि १८६१ ते १८६५ मुंबईत पैशाचा पाऊस पडला. बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर, प्रेमचंद रायचंद, सट्टा, आणि तिकडे युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये इकडे दणकून मंदी. फोर्टात राजाबाई टॉवर बघताना आपल्याला प्रेमचंदशेठ आठवतात, जॉर्जिया आठवत नाही.

दुसरा संबंध पुण्याचा, आणि तो मला जास्त जवळचा. १८७३ साली, म्हणजे ज्या वर्षी स्टीफन्स काँग्रेसमध्ये परत गेला त्याच वर्षी, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना सोडवण्यासाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा. विचार करा. जॉर्जियातला घटनातज्ज्ञ, जो त्या युद्धाच्या केंद्रस्थानी होता, तो हजारेक पानं लिहून सिद्ध करत होता की युद्ध गुलामगिरीबद्दल नव्हतंच. आणि हजारो मैलांवर पुण्यात बसलेल्या माणसाला बरोबर कळलं होतं ते कशाबद्दल होतं. कारण दोघं इमारतीकडे वेगवेगळ्या मजल्यावरून बघत होते. कोनशिला कुठली हे तिच्याखाली चिरडलेल्याला विचारावं. गच्चीवरच्याला फक्त घटनात्मक देखावा दिसतो.

शेवटी थोडं स्वतःबद्दल, नाहीतर हे सगळं दुसऱ्यावर दगड मारणं होईल. काही वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टवर होतो. कर्ज मागणाऱ्यांचे अर्ज आपोआप छाननारी सिस्टीम. टेस्टिंगमध्ये माझ्या लक्षात आलं की काही विशिष्ट पिनकोडचे अर्ज जवळपास सगळेच नाकारले जातायत. कुठल्या वस्त्या त्या, हे वेगळं सांगायला नको. मी मेल लिहिली. चांगली सविस्तर, मुद्देसूद मेल. तिच्यात मी काय लिहिलं होतं? की डेटा अपुरा आहे, अजून एक महिना टेस्टिंग हवं, घाईत लाइव्ह गेलं तर नंतर अडचण येईल. वरून उत्तर आलं, तारीख बदलणार नाही. मी 'ठीक आहे' म्हटलं आणि ठरल्या तारखेला ते लाइव्ह केलं. मनात समाधान की आपण विरोध नोंदवलाय.

स्टीफन्स वाचताना ती मेल मी परत उघडली. तिच्यात एकदाही असं वाक्य नव्हतं की हे चूक आहे. तारीख चूक, पद्धत चूक, डेटा चूक. ज्या माणसांचे अर्ज फेकले जाणार होते, त्यांचा उल्लेखच नाही. मी कोणी स्टीफन्स नाही आणि तो पिनकोड म्हणजे गुलामगिरी नाही, एवढं तारतम्य मला आहे. पण मेलचा साचा तोच होता. मिलेजव्हिलचाच.

म्हणून माझं मत असं झालंय की 'त्याने विरोध केला होता' हे वाक्य ऐकलं की लगेच हळवं होऊ नये. एक प्रश्न विचारावा : विरोध कशाला केला होता? वेळेला, पद्धतीला, की त्या गोष्टीलाच? पहिल्या दोन विरोधांना शहाणपण म्हणतात. ते उपयोगी असतं, कधीकधी धाडसाचंही असतं. पण त्याला विवेक म्हणू नये. मवाळपणा हा स्वभाव आहे, बाजू नव्हे.

स्टीफन्स १८८२ मध्ये जॉर्जियाचा गव्हर्नर झाला आणि ४ मार्च १८८३ ला त्याच पदावर असताना गेला. १९२७ साली जॉर्जियाने वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये त्याचा बसलेला संगमरवरी पुतळा पाठवला. प्रत्येक राज्याला तिथे दोन पुतळ्यांचा मान असतो. जॉर्जियाचा दुसरा पुतळा डॉ. क्रॉफर्ड लाँग यांचा, शस्त्रक्रियेत ईथरची भूल वापरणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक. योगायोग असा की हे दोघं कॉलेजात एकाच खोलीत राहायचे! एका रूममेटने रुग्णांना भूल दिली, दुसऱ्याने इतिहासाला. २०१७ मध्ये स्टीफन्सच्या घराण्यातल्या वंशजांनीच जाहीर पत्र लिहून मागणी केली की हा पुतळा तिथून हलवा. त्यांनी बहुतेक डॉक्युमेंटेशन बाजूला ठेवून मूळ कोड वाचला असावा.

मी त्या जुन्या मेलला या रविवारी रिप्लाय लिहिलाय. दोन ओळींचा. त्या प्रोजेक्टवर आता दुसरी माणसं आहेत, त्यांना तो विचित्र वाटेल. पण सोमवारी पाठवणार आहे.